अण्णांच्या भिंतींवरून आलेला ‘हुरडा’ फाँट

आमचे अण्णा पेंटर. जालना हे बियाण्यांच्या कंपन्यांचं गाव, त्यामुळे पेरणीच्या आधी त्यांना घरी पाहायलाच मिळायचं नाही. खेडोपाडी भिंती रंगवत फिरायचे. आधी चुना, मग निळीची दोरी ठोकून रेघ, मग अक्षर आणि त्याला लाल सावली. लग्नसराईत दारांवर गणपती, भालदार-चोपदार. फ्लेक्स आला आणि ही कामं गेली. मी तोवर डीटीपी शिकलो होतो, त्यावर दुकान टिकलं.

एका हुरडा पार्टीच्या बोर्डासाठी गिऱ्हाइकानं ‘अण्णांसारखं नाचरं अक्षर’ मागितलं. माझ्याकडच्या एकाही फाँटमध्ये ते नव्हतं. म्हणून अण्णांनाच ड्रॉइंग शीट दिली.

स्कॅन करून शब्द जुळवले तर शिरोरेषा जागोजागी तुटलेली. अक्षरं वरखाली केली की असंच होतं. शेवटी वरची रेघ जागेवर ठेवली आणि नाच सगळा पायात आणला: काने तिरपे, खालची टोकं कमीजास्त. तरी अण्णांचं समाधान होईना. ‘मामा’ शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “हे दोन्ही मा एकच आहेत. हातानं असं निघतच नाही.” खरं होतं. मग नेहमीच्या अक्षरांची तीन-तीन रूपं काढली. तेच अक्षर पुन्हा आलं की रूप आपोआप बदलतं.

सगळ्यात जास्त दिवस घेतले ते ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दानं. आमच्याकडे निम्म्या बोर्डांवर तो असतो आणि बरेचदा ‘शेतकर्यांसाठी’ असा रफार देऊन छापलेला असतो. मला ते बघवत नाही. ऱ्य आणि ऱ्ह आम्ही स्वतंत्र, ठसठशीत काढले. श देठाचा आणि ल पाकळीचा, मराठी वर्णमालेबद्दलच्या २००९ च्या शासन निर्णयात आहेत तसे. ‘ॲग्रो’मधला ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आला, अण्णा तो भिंतींवर आधीपासूनच काढत होते.

फाँटचं नाव ‘हुरडा’च ठेवलं. आज तो रसवंतीवर, अंगणवाडीच्या भिंतीवर, स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर दिसतो. चार-पाच शब्द, मोठा आकार, भरपूर मोकळी जागा असली की तो खुलतो. एकदा मात्र कीटकनाशकाचं अख्खं माहितीपत्रक कुणीतरी त्यातच लावलं. पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली औषध, हे वाचताना डोळे ताणावे लागत होते. तिथं चूक झाली तर पीक जळतं. मी स्वतः जाऊन मजकूर साध्या फाँटमध्ये बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगतो: नाव ‘हुरड्या’त लावा, प्रमाण नको.

सध्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी ‘हुरड्या’चं जाड, ठळक रूप काढतोय. पत्र्यावर, धुळीत, लांबून वाचता आलं पाहिजे. ‘क्ष’ची गाठ जाड केली की बुजते, म्हणून अण्णा रोज संध्याकाळी ती नव्यानं काढतात.