छडी, राग आणि क्षमा

छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी ठरतो, हे बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातले (13:24) वचन आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये चटकन पुढे केले जाते. मात्र इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (6:4) प्रेषित पौल बापांनाच बजावतो की मुलांना चिडीस आणू नका, तर प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात वाढवा, त्याची आठवण क्वचितच होते. रागाच्या भरात उगारलेला हात म्हणजे शिस्त नव्हे, असे माझे ठाम मत आहे. मुलाने खोटे बोलून धाकट्या बहिणीवर आळ घेतला, तर त्याला शेजारी बसवून चूक त्याच्याच तोंडून वदवावी, बहिणीची क्षमा मागायला लावावे आणि त्याच रात्री कौटुंबिक प्रार्थनेत नेहमीप्रमाणे शास्त्रपाठ वाचू द्यावा. पुढे पाहुण्यांसमोर तोच विषय उकरून काढणे मला ख्रिस्ताच्या क्षमेशी विसंगत वाटते.