धाप नव्हे, होकार

उत्तर स्वीडनमधल्या वेस्टरबॉटनच्या आतल्या भागात, लिक्सेलेच्या इस्पितळापासून शंभरेक किलोमीटरवर एका छोट्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, त्याच आठवड्यातली गोष्ट. जानेवारी, बाहेर उणे अठ्ठावीस. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून एका आजोबांचा फोन आला.

"गोळ्या वेळेवर घेता ना?"

पलीकडून "श्यूप!" असा जोरात हवा ओढल्याचा आवाज.

"झोप लागते?"

"श्यूप!"

मी ताठ बसले. दम लागतोय का विचारलं, तर शांतपणे "नेय", म्हणजे नाही. पेशंट असंच म्हणतात, आपल्याकडेही आणि इथेही. "घरी एकटेच आहात?" पुन्हा श्यूप! दुसऱ्या फोनवर मी 112 फिरवायला घेतला.

शेजारच्या सिस्टरने माझा हात धरला. "अगं, तो हो म्हणतोय."

ओठांचा चंबू करून, बशीतला चहा भुरकावा तसा झटक्यात श्वास आत घ्यायचा, की झाला होकार. श्वास आत ओढत "या", म्हणजे हो, म्हणणारे स्टॉकहोमलाही भेटतात, पण तिथे निदान शब्द ऐकू येतो. इथे शब्दच गिळून टाकलाय. थंडीत तोंड उघडायला नको म्हणून, असं लोक गमतीने सांगतात. मला ते काही पटत नाही. उन्हाळ्यातही तेच करतात की!

माझं स्वीडिश वर्गात शिकलेलं, परीक्षा पास झालेलं. दुपारी सिस्टर ईसीजीच्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, "हे दीत देन." म्हणजे तिकडे ठेव. ठेवणे, घालणे, टाकणे, सगळ्याला इथे एकच क्रियापद: 'हे'. हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. "अगं ते जरा हे कर ना" यावर तर आमच्या आईचं अख्खं स्वयंपाकघर चालतं.

संध्याकाळी नोंदी तपासताना दिसलं, फोन चालू असतानाच मी आजोबांच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं: "धाप लागते. वाक्य पुरं करता येत नाही." लिहिलेली नोंद आपल्या मर्जीने पुसता येत नाही. म्हणून खाली तारीख-वेळ घालून पुरवणी जोडली: "धाप नाही. रुग्ण हो म्हणत होता."

सिस्टरने पडद्यावर वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "श्यूप."