सही कुणाची हाय?

मिरजेतल्या आमच्या हॉस्पिटलमध्ये मे महिन्यात स्टाफसाठी फ्लूची लस ठेवली होती. मी इथली इन्फेक्शन कंट्रोल नर्स, त्यामुळे यादी, लस, जागा सगळं माझ्याकडं. मे महिनाच का, तर आपल्याकडं फ्लू पावसाबरोबर वाढतो आणि टोचल्यानंतर अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. जुलैत वॉर्ड खोकत्या पेशंटनी भरल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही.

दुपारपर्यंत बरेच डॉक्टर आणि आयसीयूच्या सिस्टर येऊन गेल्या. हाउसकीपिंगमधून मात्र कुणीच फिरकलं नाही. मावश्या, वॉर्डबॉय, लिफ्टवाले मामा, सगळ्यांची नावं यादीत होती. खरं तर पेशंटच्या सगळ्यांत जवळ हीच माणसं. डॉक्टर राउंड घेऊन पुढं जातात. मावशी जतहून किंवा अथणीहून आलेल्या एखाद्या म्हातारीला काखेत धरून उठवते, तेव्हा दोघींच्या तोंडात वीतभरसुद्धा अंतर नसतं. आणि फ्लूचं असं आहे की ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो दुसऱ्याला देऊ शकतो. मावशीला वाटतं आपण ठणठणीत आहोत, आणि तिकडं म्हातारीला न्यूमोनिया होतो.

कुणीतरी म्हणालं, "अडाणी आहेत, घाबरतात." मला ते पटलं नाही. यादी घेऊन मी लिननरूममध्ये गेले. सगळ्यांत जुन्या मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या.

"मावशी, लस घ्यायला आला नाहीत?"

"नगं मला."

"भीती वाटती का?"

"भ्यायचं काय त्यात, सिस्टर? चार बाळंतपणं झाली माझी." चादरीचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, मी दुसऱ्या बाजूनं ताणून धरलं. "करोनाची सुई घेतली तवा दोन दीस तापानं पडून हुते. ठेकेदारानं दोन्ही दिसांचा खाडा धरला. पोरीच्या क्लासचे पैसं त्यातच गेलं."

एवढं साधं होतं. लसीबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. आम्ही भिंतीवर पोस्टर लावत होतो, आणि अडलं होतं ते हजेरीच्या मस्टरमध्ये.

मी तडक मेट्रन मॅडमकडं गेले. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू झाला, तेव्हा मॅडम वॉर्डात ड्युटीला होत्या. त्या दिवसांतली घबराट त्या अजून सांगतात. स्वाइन फ्लूचा तोच विषाणू, एच१एन१, आता दरवर्षीच्या फ्लूंपैकी एक झालाय आणि दरवर्षीच्या लसीत असतोच. मॅडमनी माझ्यासमोरच ठेकेदाराला फोन लावला. लसीनंतर ताप आला तर रजा भरपगारी. तोंडी नको, लेखी द्या. तासाभरानं कागद आला. मॅडमनी त्यावर सही-शिक्का केला आणि मी तो कपडे बदलायच्या खोलीत चिकटवला. लसीचं टेबलही तिथंच हलवलं, दोनची ड्युटी बदलायच्या वेळेला.

मावशींनी कागद एका पोरीकडून दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, "सही कुणाची हाय?" मेट्रन मॅडमची म्हटल्यावर खुर्चीत बसल्या आणि ब्लाउजची बाही वर सरकवली.

त्यांच्यामागं रांग लागली. एका वॉर्डबॉयला वाटत होतं, लसीनंच फ्लू होतो. त्याला सांगितलं, या इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होऊच शकत नाही. हात दुखेल, एखाद दिवस कणकण वाटेल, बस. डायलिसिसचा टेक्निशियन म्हणाला, मी गेल्या वर्षी घेतलीय. पण फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार घालायचे ते सुचवते. शिवाय संरक्षणही महिन्यागणिक उतरत जातं. लस घेऊनही कुणाला फ्लू होतो, हेही त्याला सांगितलं. ते लपवलं तर पुढच्या वर्षी आपल्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यानं घेतली. त्याच्या युनिटमधल्या पेशंटची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते, त्यांच्या शरीरात लसही कमी साथ देते. त्यांच्या आजूबाजूच्यांनी तरी घ्यायलाच हवी.

वाईट वाटलं ते एका सीनियर सर्जनचं. "मला कधी फ्लू होत नाही," म्हणाले आणि निघून गेले. काहींना लक्षणं न दिसताच संसर्ग होतो, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. पण त्यांचे ज्युनिअर तिथंच उभे होते, त्यातले दोघं हात खिशात घालून त्यांच्या मागोमाग गेले. मावशीच्या नकाराला कारण होतं. या नकाराला काय म्हणायचं?

रात्री नऊच्या ड्युटीसाठी मी थांबले. लस दोन ते आठ अंशांतच ठेवावी लागते आणि गोठली तर वाया जाते, त्यामुळे कॅरिअरमधले आइस पॅक पुन्हा तपासले आणि वॉर्डावॉर्डांत फिरले. रात्रपाळीच्या माणसांना दिवसाच्या कॅम्पला या म्हणणं म्हणजे त्यांची झोप मोडणं. जागेवर जाऊन विचारलं तर फार थोड्यांनी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोघींना ताप आला. महिनाअखेरीला मी मस्टर मागवून बघितलं. दोघींच्याही नावापुढं खाडा नव्हता. सिक्युरिटीचा ठेकेदार वेगळा आहे, त्याच्याकडून तसंच पत्र अजून यायचंय. सर्जन सरांच्या ओपीडीत मी गुरुवारी परत जाणार आहे.