नव्वद अंशांच्या अलीकडे

पाय मोडलेल्या माणसाला आपल्याकडे मान असतो. प्लास्टर दिसलं की रिक्षावाला थांबतो, लोकलमध्ये बसायला जागा मिळते, पाहुणे शहाळी घेऊन येतात. खांद्याचं तसं नाही. गळ्यात झोळी आहे तोवर जे काही कौतुक व्हायचं ते होतं. ती उतरली की माणूस बरा झाला असं धरून सगळे आपापल्या कामाला लागतात. खरा त्रास तिथून पुढे असतो, हे ज्याचा खांदा त्यालाच ठाऊक.

हात वर उचलायला मदत करणारा एक स्नायू खांद्याच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथेच माझा झिजून फाटला होता. पडले नव्हते, आपटले नव्हते. डॉक्टर म्हणाले, वय आणि वापर. सगळी नोकरी फळ्यावर हात उंचावून लिहिण्यात गेली, त्यामुळे वापराबद्दल माझी तक्रार नाही. वय मात्र त्यांनी हळू सांगितलं असतं तरी चाललं असतं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. हाडात बारीक खुंट्या बसवून फाटलेलं टोक दोऱ्यांनी परत बांधलं. बाहेरून दिसायला चार भोकं. भेटायला आलेल्या जाऊबाईंनी पट्टीखाली डोकावून पाहिलं आणि ‘एवढंच?’ म्हणून चक्क हिरमुसल्या.

पण आतला मामला सावकाशीचा. त्या भागाला रक्तपुरवठा मुळात कमी, म्हणून स्नायू हाडाला धरायला वेळ घेतो. साधारण सहा आठवडे झोळी, तीनेक महिने वजन उचलायचं नाही आणि ताकद परत यायला सहा महिने ते वर्ष. आडवं पडलं की ठणका लागायचा, म्हणून झोप आरामखुर्चीत, कोपराखाली उशी घेऊन. ब्लाउजला सुट्टी, पुढून बटणांचे गाऊन जिंदाबाद. वेणी ह्यांनी घालायला घेतली. ज्या माणसाने जन्मात कधी नाडीसुद्धा ओवली नाही, त्याच्या हातची ती वेणी. आरशात न बघणं हाच उपाय होता.

झोळी सुटल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. शिकवणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, पण शिस्तीला माझ्याहून कडक. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘काकू, घरात एखादी लांब काठी आहे?’ आमच्या ठाण्याच्या घरात छताजवळ कपडे वाळत घालायच्या दांड्या आहेत आणि त्यांच्यावर साडी चढवायची काठी आहे. तीच कामी आली. पाठीवर झोपायचं, काठी दोन्ही हातांत आडवी धरायची आणि डाव्या हाताने रेटत उजव्याला डोक्याकडे न्यायचं. उजव्याने स्वतः काही करायचं नाही, नुसतं बरोबर जायचं. दुसरा व्यायाम भिंतीवर बोटांनी चढण्याचा. त्यात माणूस नकळत लबाडी करतो. हात पुढे जाईना की अख्खा खांदा वर चढवून चार बोटं उंची मिळवतो. ‘काकू, खांदा कानाला लावू नका!’ हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं. दर रविवारी बोटं पोचली तिथे मी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची. कोणी यायचं असलं की त्या रेघांवर कालनिर्णय टांगायचं.

रेघा चढत गेल्या. हात खांद्याच्या पातळीला, म्हणजे नव्वद अंशांच्या अगदी दाराशी आला आणि तिथून फिरला. रात्रीचा ठणका परत सुरू झाला, मुक्काम परत आरामखुर्चीत, आणि रविवारची रेघ आधीच्या दोन्ही रेघांच्या खाली. ये रे माझ्या मागल्या, ताक-कण्या चांगल्या! टाके सुटले की काय या धास्तीने तपासणी केली. शिवण शाबूत होती. सांधा आखडला होता. खांद्याच्या ऑपरेशननंतर काहीजणांचा आखडतो. मधुमेह असेल त्यांचा जास्त, आणि माझी साखर आहेच. सहसा काही महिन्यांत सुटतो, व्यायाम चालू ठेवा, असं सांगून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

चूक कुणाची असती तर बरं झालं असतं. निदान रागवायला जागा मिळाली असती. सगळं सांगितल्याप्रमाणे करूनही गाडी मागे आली की माणूस चिडतो तो भिंतीवर. मी तर पेन्सिलीवरसुद्धा चिडले.

धीर द्यायला ह्यांनी क्रिकेट काढलं. २००६ च्या मार्चमध्ये सचिनच्या खांद्याचं लंडनला ऑपरेशन झालं, वेस्ट इंडिजचा दौरा हुकला, आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्याच वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने नाबाद १४१ केले. मी म्हटलं, त्याला घरी पोळ्या लाटायच्या नव्हत्या. शिवाय तो सामना डकवर्थ-लुईसच्या नियमाने आपण हरलो होतो, हे मुलाने फोनवर सांगितलं. ह्यांनी ते सोयीस्करपणे गाळलं होतं.

मला आठवले ते माहेरचे बैल. आमच्याकडे विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. जू घासून घासून जिथे घट्टा पडलेला असतो तिथे लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानाने गरम पाणी लावायचं आणि सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ लहानपणी मला ती नुसती गंमत वाटायची. आता गरम पाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन बसल्यावर कळतं की बाबा ते किती हळू करायचे, आणि बैल तेवढा वेळ शेपटीसुद्धा का हलवत नसे.

मार्ग काढून दिला तो फिजिओथेरपीवाल्या मुलीने, तोही हिशेबाचा. ‘रविवारची रविवारशी तुलना करू नका. या महिन्याची मागच्या महिन्याशी करा. आणि अंश मी मोजते, तुम्ही कामं मोजा.’ चाळीस वर्षांच्या पेशंटला काय सांगते माहीत नाही, पण साठीच्या मास्तरणीला हे पटलं. रेघा मी ओल्या फडक्याने पुसल्या. आता कालनिर्णयच्या मागच्या पानावर यादी आहे. कंगवा कानापर्यंत: जमतं. डोक्यामागे: नाही. पदर खांद्यावर टाकणं: जमतं. पाठीमागे हात नेऊन हूक: नाव काढू नका. डाळीचा डबा खालच्या फळीवरून: जमतं, पण भरलेला असेल तर ह्यांना हाक. ठणका असेल त्या दिवशी शेक, हलके व्यायाम आणि यादीला हात लावायचा नाही. ज्या दिवशी कंगवा कानापर्यंतही जात नाही त्या दिवशी आंबाडा ह्यांच्याकडून, आणि आरशाकडे पाठ.

परवा भाजीवालीपाशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. ‘काय हो, आता एकदम ठणठणीत ना?’ मी म्हटलं, ‘पदर येतो, हूक येत नाही.’ त्यांनी पिशवी खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अहो, माझाही डावा गेले दोन महिने येत नाहीये. घरात कुणाला बोलले नाही अजून.’ मग आम्ही दोघी कोथिंबिरीचा भाव विसरून बराच वेळ तिथेच उभ्या होतो, आणि मी त्यांना काठी कशी धरायची ते एका दुधीभोपळ्यावर दाखवत होते.