गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहायचं? माझा अनुभव

चोपडा तालुक्यात आमचं मेडिकल आहे. पट्टीवर सगळं इंग्रजी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आम्ही पाकिटावर 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' लिहून द्यायचो. घरी गोळी कशी घेतली जाते हे मात्र कळत नव्हतं. म्हणून गोळ्या हातात दिल्यावर मी विचारायला लागले, "आता घरी कशी घेणार, ते मला सांगा."

उत्तरं ऐकून काळजी वाटली. मजुरीला जाणारी माणसं सकाळी भाकरी खाऊन निघतात, दुपारची शिदोरी शेताच्या बांधावर. त्यामुळे कुणी 'दोनदा' म्हणजे सकाळी आणि दुपारी घेत होतं, कुणी रात्री दोन्ही एकदम. मधलं शून्य तर बऱ्याच जणांना समजतच नव्हतं.

मग पाकिटावर वेळ आणि गोळ्या सुट्या लिहिल्या: 'सकाळी भाकरी खाऊन १. रात्री जेवून १.' एका ओळीत एकच वेळ, अक्षर ठळक. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य काढला, तर एका आजींनी विचारलं, "हाऊ सूर्य निंघी ऱ्हायना का बुडी ऱ्हायना?" म्हणजे, हा सूर्य उगवतोय की मावळतोय? त्यांचं बरोबरच होतं. सूर्य गेला, सकाळसाठी कोंबडा आला आणि रात्रीसाठी खाट. खाली जितक्या गोळ्या तितके ठिपके.

सर्वात जपावं लागतं ते संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटला. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांना विचारून तिचा वार आठवडे बाजाराचाच ठरवायला लागलो, कारण तो कुणी विसरत नाही. पाकिटावर वाराचं नाव आणि लाल शाईत 'रोज घ्यायची नाही'.

लहान मुलांच्या कोरड्या सिरपचं, म्हणजे पाण्यात कालवायच्या पुडीचं, तसंच. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, बाटली चांगली हलवायची. एकदा कालवलेलं औषध ठरावीक दिवसच टिकतं, म्हणून बाटलीवर फेकायची तारीख लिहिते. घरचे चमचे लहानमोठे असतात, त्यामुळे झाकणाच्या मापावर ५ मिलीची रेघ पेनने ठळक करून देते.

शुगरच्या दीर्घ परिणामाच्या गोळीवर 'कुटू नका' लिहावंच लागतं; कुटली की दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं.

सध्या सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या पाड्यांवरच्या आशाताईंना ही चित्रं दाखवतेय. कोंबडा सगळ्यांना पटला. खाटेऐवजी काय काढावं, यावर त्यांचं अजून एकमत नाही.