चौघांची टीम, एक नकाशा: पुण्यातल्या अ‍ॅडव्हेंचर रेसची तयारी

सराव सुरू केला तेव्हा आम्ही दोन घड्याळं लावायचो. एक निघाल्यापासून चालू, दुसरं फक्त आम्ही उभे असलो की चालू. डेक्कनहून पर्वती आणि परत, एवढाच पल्ला. तरी दुसऱ्या घड्याळाचा आकडा बघून चौघंही गप्प झालो. पळण्यात जेवढा वेळ गेला होता, जवळपास तेवढाच नकाशा उलटासुलटा करण्यात, मागे राहिलेल्याची वाट बघण्यात आणि ‘आता कुठे?’ या चर्चेत गेला होता. तिथून पुढे आमची सगळी तयारी त्या दुसऱ्या घड्याळासाठी झाली.

टीममध्ये मी, माझा धाकटा भाऊ, ऑफिसमधला एक सहकारी आणि कॉलेजपासूनची मैत्रीण. सहकारी हाफ मॅरेथॉन पळणारा, भाऊ पक्का सायकलवाला, मैत्रीण सह्याद्रीत वाढल्यासारखी भटकलेली. चौघांत सगळ्यात हळू मी. रेस सहा तासांची: पळणं, सायकल आणि दोराचं काम, सगळं एकाच रेसमध्ये. नकाशा आणि चेकपॉइंटच्या, म्हणजे गाठायच्या ठिकाणांच्या जागा सांगणारी कोडी सुरुवातीच्या अर्धा तास आधी मिळणार, फोन सीलबंद पाकिटात, आणि चौघांनी कायम पन्नास मीटरच्या आत राहायचं. चौघं पोचल्याशिवाय चेकपॉइंटवर कार्डावर पंच, म्हणजे पोचल्याची खूण, मिळत नाही. काही चेकपॉइंट सक्तीचे, काही ऐच्छिक, आणि उशीर झाला की मिनिटागणिक गुण वजा.

अशा नियमांत टीमचा वेग म्हणजे सगळ्यात हळू माणसाचा वेग. मला दोन-तीन महिन्यांत सहकाऱ्याइतकं पळवणं शक्य नव्हतं. माझं ओझं कमी करणं शक्य होतं. माझी सॅक चढावर त्याच्याकडे जायची. टेकडीवरच्या चढाला तो सायकलची जुनी ट्यूब कमरेला बांधायचा, दुसरं टोक कॅराबिनरने, म्हणजे उघड-बंद होणाऱ्या धातूच्या कडीने, माझ्या पट्ट्याला. ट्यूब ताणली की नुसती हलकी ओढ लागते, पण वेताळ टेकडीच्या चढावर ती ओढ फार मोलाची असते. रस्त्यावर, रहदारीत मात्र ट्यूब काढून ठेवायची, हा पक्का नियम.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या आम्ही पहाटे चढायचो. तिथेच एक गोष्ट लक्षात आली. ‘ताई, जमतंय ना?’ असं भावाने विचारलं की मी ‘हो’च म्हणायचे, मग छाती भात्यासारखी चालत का असेना. सहकारीही तेच करायचा, मैत्रीणही. म्हणून प्रश्नच बदलला: ‘दहापैकी किती?’ सहाच्या आत असलं तर वेग वाढवायचा, आठ म्हटलं की कुणीही न विचारता सॅक उचलायची. आकडा सांगताना मान-अपमान आड येत नाही. टीम म्हणून आम्ही जे काही शिकलो त्यात मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि कुठल्याही टीमला मी हेच आधी सांगेन.

नकाशाचं काम मैत्रिणीकडे. १:२५,००० च्या नकाशावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तिने अंगठ्याच्या पेराची लांबी मोजून ठेवली होती, पट्टी लागत नसे. लॉ कॉलेजच्या मागून वर चढून ती आम्हाला नकाशावरचे कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, वाचायला लावायची: ही सोंड, ही घळ, इथे रेषा दाटल्या म्हणजे खाणीचा कडा, तिकडे जायचं नाही. टेकडीवर पायवाटांचं जाळं आहे आणि प्रत्येक वाट खरी वाटते. त्यामुळे वाटेपेक्षा उतार कुठल्या दिशेला पडतोय ते बघायची सवय लावून घेतली.

पेठांमध्ये कंटूर कामाचे नाहीत. तिथे बोळ पाठ असावे लागतात. रविवारी सकाळी मंडईतून तुळशीबागेत शिरून लक्ष्मी रस्त्यावर बाहेर पडायला पायी किती वेळ लागतो आणि दुकानं उघडल्यावर किती, हे आम्ही चालून बघितलं. सायकलचं गणित वेगळं. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता दोन्ही एकदिशा, एकमेकांच्या उलट. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्त्याचंही तसंच. पायी जो चेकपॉइंट दोन मिनिटांवर, तो सायकलवर पूर्ण वळसा घालून. नकाशावर एकदिशा मार्गांचे बाण भावाने लाल पेनने काढायचे आणि तोवर बाकीच्यांनी कोडी सोडवायची, अशी वाटणी ठरली.

कोड्यांसाठी बोलण्याची पद्धतही घासून घ्यावी लागली. ‘शनिवारवाड्यापाशी’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण वाड्याला पाच दरवाजे आहेत आणि उत्तरेकडच्या दिल्ली दरवाजापासून मागच्या बाजूला जायचं तर तटाला फेरा पडतो. म्हणून आम्ही जागा कायम तीन तुकड्यांत सांगायचो: वास्तू, बाजू, कुठून शिरायचं.

दोराचं काम एका अनुभवी प्रशिक्षकाकडून शिकलो. यात घरगुती प्रयोग नकोतच. हार्नेसचा, म्हणजे दोराला अडकवायच्या कमरेच्या साजाचा, पट्टा स्वतः तपासायचा, मग जोडीदाराने तपासायचा, मग मोठ्याने ‘लॉक’ म्हणायचं. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, एकेक जण उतरतो, म्हणजे तिघांना थांबणं आलंच. ते थांबणं आम्ही कामाला लावलं. मैत्रीण सगळ्यात आधी उतरायची आणि खाली पुढचा मार्ग ठरवायची. वरचे तिघं तेवढ्यात खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी उरकायचे. सायकलवरून पायी होतानाही तसंच: हेल्मेट कुठे, बूट कुठे, कार्ड कुणाच्या खिशात, सगळं ठरलेलं. कार्ड कायम माझ्या उजव्या खिशात, कारण हळू माणूस पोचला की पंच व्हायलाच हवा.

रेसच्या दिवशी पहाटे चांगलीच थंडी होती, साडेदहानंतर ऊन तापलं. आठव्या शतकातल्या, एकाच खडकात कोरलेल्या देवळाचं कोडं वाचताच चौघांच्या तोंडून एकदम ‘पाताळेश्वर’ आलं, आणि गोल नंदीमंडपापाशी आमच्या आधी एकच टीम होती. वेताळावर ट्यूब लावली. तिथे मी ‘आठ’ म्हटलं आणि सॅक कधी गेली ते कळलंही नाही.

शेवटच्या तासात आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी होतो. तळजाईचा ऐच्छिक चेकपॉइंट बाकी होता आणि सहकाऱ्याचे पाय अजून ताजे होते. त्याला तो हवा होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्याने आधी आकडे विचारले. भाऊ सात, मैत्रीण सात, मी नऊ. त्याने नकाशा घडी करून मैत्रिणीला दिला आणि सारसबागेच्या दिशेने सायकल वळवली. शेवटच्या रेषेवर आम्ही वेळेत चार मिनिटं राखून पोचलो, एकही गुण वजा झाला नाही. उभं राहण्याच्या घड्याळात सहा तासांपैकी सत्तावीस मिनिटं होती. त्यातली बरीचशी लाल सिग्नलची, आणि ती कमी करायची नाहीत हे आधीच ठरलं होतं.