उसाच्या ट्रॉल्यांना एअर ब्रेक बसवून घेतले, त्याचा अनुभव

ट्रॅक्टर जेमतेम अडीच टनांचा आणि मागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस. हंगाम लागला की आमच्या सोलापूर जिल्ह्यात रात्रंदिवस अशी वाहतूक चालते, आणि कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. कालव्याच्या पुलावरून उतरताना ड्रायव्हरनं पेडल दाबलं की ट्रॅक्टर थांबायला बघतो, ट्रॉल्या मात्र मागून रेटतात. ट्रॉली जोडणारा दांडा जरा तिरका झाला की ट्रॅक्टर आडवा. मला याची फार धास्ती होती. म्हणून यंदा गाळपाआधी दोन्ही ट्रॉल्यांना एअर ब्रेक बसवले.

कॉम्प्रेसर, हवेची टाकी, चाकांचे ब्रेक ड्रम, बूस्टर (हवेच्या दाबानं रॉड ढकलून ब्रेक लावणारा डबा) हे सगळं बसवून झालं लवकर. वेळ खाल्ला तो सेटिंगनं. मिस्त्रींनी सुरुवातीलाच सांगितलं, "मालक, आधी मागचं थांबाय पाहिजे, मग पुढचं." पण हवेला लांब पाइपातून मागच्या ट्रॉलीपर्यंत जायला वेळ लागतो. पेडल दाबलं की ट्रॅक्टर आधी धरायचा, मागची ट्रॉली सगळ्यात शेवटी. ट्रॉल्यांवर स्वतंत्र टाकी आणि रिले व्हॉल्व्ह घातल्यावर हा उशीर बराच कमी झाला, कारण मग पेडलकडून फक्त इशारा जातो, ब्रेकची हवा ट्रॉलीवरच्याच टाकीतून मिळते.

दुसरा प्रश्न वजनाचा. भरल्या ट्रॉलीला पुरेल एवढा दाब रिकाम्या ट्रॉलीला दिला की चाकं जाम होऊन घसरतात. म्हणून प्रत्येक ट्रॉलीवर रिकामी, अर्धी, भरलेली अशा खाचांचा हाताचा व्हॉल्व्ह लावला. कारखान्यात ऊस खाली केला की तो फिरवायचाच, हे ड्रायव्हरला बजावून ठेवलंय. अमेरिकेत पिकअपमागच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतात, तिथंही हेच दुखणं. ब्रेकला करंट सोडणारा साधा कंट्रोलर ठरलेल्या वेळात ठरलेला करंट वाढवत नेतो, मग पेडल हळू दाबा की जोरात. चांगला कंट्रोलर गाडी किती झपाट्यानं मंदावतेय ते ओळखून तेवढाच करंट सोडतो. वजन बदललं की त्याचंही सेटिंग बदलावं लागतं.

भरली खेप उतारावरून आणून थांबवली आणि प्रत्येक ड्रमजवळ हाताची मागची बाजू नेली. तीन ड्रम सारखे तापलेले, पुढच्या ट्रॉलीचा डावा मात्र गार. त्याचा स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे बूस्टरचा रॉड आणि ब्रेक यांच्यातली ढिलाई कमी-जास्त करणारा भाग, सैल निघाला. तो आवळून दोन्हीकडच्या बूस्टरच्या रॉडची चाल सारखी केली, तेव्हा ट्रॉली एका बाजूला ओढायची थांबली.

शेवटी उभ्या गाडीचा लाल पाइप, म्हणजे ट्रॅक्टरकडून ट्रॉलीच्या टाकीला हवा पुरवणारा, मुद्दाम सोडला. फुस्स करून हवा गेली आणि ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागले. ही तपासणी झाल्याशिवाय मी ट्रॉली रस्त्यावर नेऊ दिली नाही. आता रोज संध्याकाळी टाक्यांच्या तळाचा कॉक उघडून साचलेलं पाणी काढतो.